दीड वितीचं वेटोळं

१

पुस्तकघराची आग विझली तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते, आणि मोठ्या बाई अजून उंबऱ्यावरच उभ्या होत्या. आत पाऊल टाकायला पाय धजत नव्हता. समोरच्या भिंतीवर सकाळपर्यंत जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं होती. आता तिथे नुसती काळी भिंत होती, आणि खाली राखेचा लगदा.

ती साधी पुस्तकं नव्हती. शाळा अंध मुलांची. एकेक पुस्तक उशीएवढं जाड, आणि डोळस माणूस खिशात घालून फिरेल एवढी गोष्ट इथे चार-चार खंडांत. निवृत्त झालेली माणसं आणि घरोघरच्या बायका तीस वर्षं जाड कागदावर टोच्यानं एकेक टिंब टोचत आल्या होत्या. अशी तीन हजार पुस्तकं. त्यांतली अकराशे तासाभरात गेली.

मुलं मैदानावर होती म्हणून बचावली. वसतिगृहाच्या मावशी मात्र धुरात घुसल्या, हाताला येतील ती पुस्तकं कवटाळून बाहेर फेकत राहिल्या, आणि दोन्ही हात भाजून दवाखान्यात पोचल्या.

सकाळी साडेदहाला याच खोलीत बाईंनी पाचवीच्या मुलींना वाचायला आणून बसवलं होतं. नेहमीसारखं आधी स्वतः पुढे होऊन पायात येणारं सगळं उचललं, कडेला केलं, मगच मुलींना आत घेतलं. "जमिनीवर काही नको" हा त्यांचा शाळेतला पहिला कायदा होता. अठरा वर्षांत या इमारतीत एकही मूल कशाला अडखळून पडलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. अशा शाळेत आग लागावी?

दोष कुणाचा हे त्यांच्या मते उघड होतं. पंधरा दिवसांपूर्वी गच्चीवरची पाण्याची टाकी फुटून पुस्तकघराची भिंत ओली झाली होती, पुस्तकांना बुरशीचा वास सुटला होता. खोली सुकवायला, दुपारी मुली गेल्यावर लावायचे म्हणून, दोन हीटर आणले आणि आदल्याच दिवशी वायरमननं व्हरांड्याच्या टोकाच्या बोर्डापासून तात्पुरती वायर ओढून दिली. ती वायर जळाली.

"वायर जळाली म्हणजे वायर बारीक होती," बाई फोनवर शाळेच्या अध्यक्षांना म्हणाल्या. "यात शोधायचं काय?"

संध्याकाळच्या आत त्यांनी तक्रार लिहून पाठवलीसुद्धा. वायरमनचा परवाना तात्पुरता रोखला गेला. शुक्रवारी शाळेच्या समितीपुढे सुनावणी ठरली. तो दोषी ठरला तर तसा अहवाल वीज खात्याकडे जाऊन परवाना कायमचा जाणार होता.

कागद पाठवून त्या वळल्या तर दारात वेतमास्तर उभे. हे मुलांना वेताच्या खुर्च्या विणायला शिकवत. जन्मापासून अंध. नाव ऐकून नवी मुलं घाबरायची. मग कळायचं की मास्तरांनी आयुष्यात वेत फक्त विणलाय, कुणावर उगारलेला नाही.

मास्तर नाक वर करून वास घेत होते.

"बाई, वायर कधी पेटली म्हणता?"

"साडेतीनला. मावशींनी धूर बघितला तेव्हा."

"मला दोन वाजल्यापासून वास येत होता," मास्तर म्हणाले. "गोडसर, गरम रबराचा. कुणाचं खेळणं उन्हात राहिलं असेल असं वाटलं. ठिणगी पडायला दीड तास लागत नाही हो. ही वायर पेटायच्या आधी चांगला दीड तास शिजत होती."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बाईंच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबले. "जरा पुस्तकघरापर्यंत सोडता?"

बाईंनी उजवं कोपर पुढे केलं, मास्तरांनी ते धरलं. ही अठरा वर्षांची सवय. नवीन वाट असली, गर्दी असली की मास्तर काठीपेक्षा बाईंच्या कोपरावर जास्त भरवसा ठेवायचे.

पुस्तकघराबाहेर कोठीवाले एक गोणी तोंड बांधून तयार ठेवत होते. शाळेचं सगळं सामान त्यांच्या ताब्यात. उंच, लांब हातांचा, हिशेबात कधी न चुकणारा माणूस.

"काय आहे त्यात?" मास्तरांनी विचारलं.

"जळकी वायर. भंगारवाला येतोय."

"कुठेही जाऊ देऊ नका ती."

"अहो, तपासनीस साहेब दोन टोकं कापून घेऊन गेलेत. बाकीचा कचरा आहे."

"मग कचरा मला द्या," मास्तर म्हणाले आणि खाली बसलेच.

बाईंना वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट. पण मास्तरांचे हात गोणीत गेले आणि त्या बघत राहिल्या. बोटं वेताच्या पेंढीतून फिरावीत तशी जळक्या तुकड्यांतून फिरत होती, एकेक उचलत होती, अंगठ्यानं दाबत होती, बाजूला लावत होती. डावीकडे एक ढीग, उजवीकडे दुसरा. त्यांना दिसत नव्हतं हे बाई क्षणभर विसरल्या.

"कोठीवाले, याच वायरची उरलेली गुंडाळी असेल ना तुमच्याकडे?"

होती. शंभर मीटरची आणली होती, चाळीस तोडून दिली, साठ शिल्लक. कोठीवाल्यांनी टोक सोलून मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांनी तांब्याचा पीळ सोडवला आणि केसाएवढ्या बारीक तारा बोटांवर मोजायला सुरुवात केली. छत्तीस. मग बोर्डाकडच्या बाजूची न जळालेली वायर घेतली, तीही मोजली. छत्तीस. हीटरकडच्या बाजूची. छत्तीस. एक-एक तार अंगठ्याखाली फिरवून जाडीही जुळवली.

"बाई, या वायरमध्ये खोट नाही. बाजारात आतून कमी तांब्याची मिळते, तशी ही नाही. जी मागवली तीच आली आणि तीच लागली. आणि गंमत बघा, दोन्ही टोकांना हात लावा."

बाईंनी लावला. टोकांकडची वायर लवचिक होती, वरचं कवच गुळगुळीत, डाग नाही.

"बारीक वायर जास्त ओझ्यानं जळते तेव्हा सगळीकडे सारखीच तापते," मास्तर म्हणाले. "टोकापासून टोकापर्यंत तेच ओझं वाहतं ना? मग ही टोकांना धडधाकट आणि मधेच कोळसा, असं कसं?"



मास्तरांनी डावीकडच्या ढिगातला एक मोठा गोळा उचलला. पाच-सहा पदर वितळून एकमेकांत चिकटले होते. त्यावर बोट फिरवताना त्यांचा चेहरा एकदम उतरला. गोळा त्यांनी हळूच पिशवीत टाकला.

"काय झालं?"

"काही नाही. वायरमनकडे जाऊ या."

३

वायरमनच्या घराचं दार त्याच्या बायकोनं उघडलं, बाईंना बघितलं आणि आत ओरडली, "त्या आल्यात! तुम्हीच बघा, मला बोलायचं नाही!"

वायरमन बाहेर आला. दोन दिवसांची दाढी. हातातली दोन्ही कामं तक्रारीमुळे बंद पडली होती. बाईंशी तो बोलला नाही. मास्तरांना मात्र खुर्ची दिली.

"मास्तर, पंचवीस वर्षं झाली या धंद्यात. बारीक वायर टाकून मी हात झटकले असते का? तेही पुस्तकघरात?"

"टाकली नाहीस ते कळलंय मला. कशी निवडलीस ते सांग. बाईंनाही ऐकू दे."

वायरमननं भिंतीकडे बघत सांगायला सुरुवात केली, पण धंद्याची गोष्ट निघाल्यावर त्याचा आवाज आपोआप मोकळा झाला.

"दोन हीटर, पंधराशे-पंधराशे वॅटचे. मिळून तेरा अँपिअर करंट. खोलीतला प्लग पंख्या-दिव्याचा, त्याला हे झेपत नाही, म्हणून लांबच्या बोर्डावरून घेतलं. तेरा अँपिअरला दीडची वायर, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, चालून जाते. पण लांबी होती. लांब वायरमध्ये करंट वाटेतच दमतो, टोकाला व्होल्टेज कमी पोचतं, म्हणून एक माप वरची घेतली, अडीचची. बोर्डावर सोळाचा एमसीबी, ओझं वाढलं की आपोआप पडणारा खटका. कुठे चुकलं सांगा?"

"तो एमसीबी पडला का नाही मग?" बाईंनी विचारलं.

"कशाला पडेल? तो सोळाच्या वर गेलं तर पडणार. वाहत होते तेरा. त्याच्या दृष्टीनं सगळं आलबेल होतं. वायरच्या आत शॉर्ट झालं तेव्हा तो पडला, तोवर आग लागली होती."

अठरा वर्षं बाई बटणं दाबत आल्या होत्या. भिंतीच्या मागे कुणीतरी बसून एवढा विचार केलेला असतो हे कधी मनातही आलं नव्हतं.

"व्हरांड्यापासून खोलीपर्यंत चाळीस मीटर नाहीत," मास्तर म्हणाले.

"बाराच आहेत. पुढे हीच वायर पाण्याच्या पंपाला लागणार होती म्हणून तोडली नाही. उरलेली खोलीत भिंतीलगत पसरून ठेवली. नागमोडी, पदराला पदर लागणार नाही अशी."

"का?"

"वायर तापते, मास्तर. करंट वाहिला की थोडी तरी तापणारच, कितीही जाड घ्या. वायरच्या डब्यावर जो आकडा लिहिलेला असतो ना, एवढे अँपिअर झेपतील म्हणून, तो मोकळ्या हवेतल्या वायरचा असतो. आजूबाजूला हवा असली की ती ऊब निघून जाते. हवा मिळाली नाही तर जाईल कुठे?" तो प्रथमच बाईंकडे वळला. "म्हणून निघताना सांगून आलो होतो, वायर आहे तशी पसरलेली राहू दे, कुणी हात लावू नका."

"कुणाला सांगितलंस?" बाईंनी चमकून विचारलं.

"कोठीवाल्यांना."

कालच कोठीवाल्यांनी लेखी जबाब दिला होता: वायरमननं कोणतीही सूचना दिली नव्हती.

४

कोठीवाले दोन मिनिटं टिकले. मास्तर नुसते समोर येऊन बसले, आणि त्या उंच माणसाचे खांदे खाली आले.

"सांगितलं होतं त्यानं," ते म्हणाले. "मी पुढे सांगायचं विसरलो. आग लागल्यावर भीती वाटली. नोकरी जाईल म्हणून खोटं लिहिलं. पण बाई, मी वायरला हात लावला नाही. देवाशपथ नाही!"

"लावला असता तर एवढं चिकटलं नसतं," मास्तर म्हणाले. बाईंना त्याचा अर्थ लागला नाही.

तिथून ते पुन्हा पुस्तकघरात आले. "आता तुमचे डोळे द्या," मास्तर म्हणाले. "भिंतीलगत जमिनीवर नागमोडी काळा पट्टा दिसतोय का?"

बाईंनी पायानं राख सारली. "नाही. फरशी स्वच्छ आहे."

"मग सगळ्यात जास्त जळलेली जागा कुठे?"

कोपऱ्यात, खालच्या फळीशी. तिथली फरशी तडकली होती. परातीएवढा एक गोल. बाईंनी मास्तरांचा हात तिथे नेऊन टेकवला. सुटलेल्या कपच्यांवरून त्यांची बोटं फिरली, गोलाच्या कडेनं एक फेरी मारून थांबली. बोटांना कापसाची जळकी गाठ लागली.

"इथे काय असायचं?"

"रजया. ओल्या पुस्तकांवर घालायला आणलेल्या जुन्या रजया."

"तर असं झालं," मास्तर मांडी घालून बसले. "वायर पसरलेली होती. कुणीतरी ती गोळा केली, वेटोळं केलं, कोपऱ्यात ठेवलं आणि वर रजया आल्या. पदरावर पदर, आणि वर कापूस. प्रत्येक पदर थोडासाच तापत होता, पण ती ऊब शेजारच्या पदराला मिळत होती, त्याची याला. वेटोळ्याच्या बाहेर जी वायर होती ती धडधाकट राहिली. आतली शिजली."

"एवढ्याशा उबेनं?" बाईंचा विश्वास बसेना. "मास्तर, वायर काय चूल आहे? नुसती गुंडाळली म्हणून आग?"

"मला बोटांनी जे कळलं ते सांगितलं. खरं की खोटं ते बघायला वायरमनला बोलावू."

"आणि गुंडाळली कुणी?"

मास्तर उठले. कपड्यांची राख झटकायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

"ते उद्या बघू," ते म्हणाले.

५

बुधवारी सकाळी दहाला, खेळाच्या मैदानावर, इमारतीपासून चांगलं लांब, वायरमननं मांडामांड केली. वसतिगृहातले दोन हीटर, तेच माप. कोठीतल्या शिल्लक गुंडाळीतली चाळीस मीटर वायर, एक पाण्याची बादली, एक वाळूची. मावशी हातांना पट्ट्या बांधून बाकावर बसल्या होत्या, दवाखान्यातून हट्टानं निघून आलेल्या. कोठीवाले मान खाली घालून उभे होते.

आधी सगळी वायर मोकळी पसरली. हीटर लावले. मास्तरांनी तासभर गप्पा मारत घालवला, मग म्हणाले, "बाई, हात लावा."

बाईंनी वाकून वायर मुठीत धरली. ऊब होती. नुकत्याच झोपेतून उठलेल्या मुलाच्या तळहाताएवढी. त्यांना विचित्रच वाटलं. एवढ्याशा रबरी दोरीतून दोन हीटर लाल करणारी शक्ती धावत होती, आवाज नाही, हालचाल नाही, फक्त एवढीशी ऊब.

"आता गुंडाळायची," वायरमन म्हणाला. त्यानं करंट बंद केला, बाराएक मीटर तशीच सोडली आणि उरलेली जमिनीवर ऐसपैस गोलांत टाकायला लागला.

"असं नको," मास्तर म्हणाले. "ते वेटोळं लहान होतं, आवळलेलं."

"मावशी, तुम्ही कशी गुंडाळता?" वायरमननं बाकाकडे बघून विचारलं.

"मी?" मावशी हसल्या. "मी कशाला गुंडाळते? पायानं सारते नि वर पोतं टाकते. बाईंना विचारा, याच्यावरून किती बोलणी खाल्लीत."

कोठीवाल्यांनी प्रयत्न केला. त्यांच्या लांब हातांवर मोठमोठी ढिली वेटोळी पडली, निम्मी घसरून खाली आली.

"अहो, द्या इकडे!" बाईंना बघवेना. त्यांनी टोक हातात घेतलं, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून कोपराखाली, कोपराखालून परत बेचक्यात, सरसर सरसर, प्रत्येक पदर आधीच्याला घट्ट लागून. अठ्ठावीस मीटर वायर दोन मिनिटांत बंदिस्त झाली. शेवटचा पदर मधे आवळून त्यांनी वेटोळं वायरमनच्या हातात दिलं. "हे घ्या. एवढं सोपं आहे."

मास्तरांनी नुसती रजई पुढे सरकवली.

वेटोळं रजईत गेलं. करंट सुरू झाला. पुन्हा तास. पाऊण तास झाला आणि मास्तरांनी मान वर केली. मिनिटभरात बाकीच्यांनाही तो वास आला. गोडसर, गरम रबराचा.

"बाई, आता लावा हात. जपून."

बाईंनी रजईखाली हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. तळहात चुरचुरत होता. तीच वायर. तेच हीटर. तेच तेरा अँपिअर. बोर्डावरचा एमसीबी शांतपणे वर. रजई बाहेरून थंडगार दिसत होती, आणि तिच्या पोटात अंगार वाढत होता.

"एक तास झालाय फक्त," वायरमन करंट बंद करत हळूच म्हणाला. "त्या दिवशी किती वेळ होतं कुणास ठाऊक. कवच मऊ पडतं, आतल्या तारा एकमेकींकडे सरकतात. एकदा टेकल्या की संपलं."

निवल्यावर मास्तरांनी वेटोळं मागून घेतलं. मांडीवर ठेवलं. एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत वीत टाकली, मग अर्धी. पिशवीतून कालचा जळका गोळा काढून शेजारी ठेवला आणि त्याच्यावरही वीत टाकली.

"दीड वीत," ते म्हणाले. "हेही दीड वीत."

बाईंची नजर मास्तरांच्या मांडीवरच्या दोन वेटोळ्यांवर होती. एक काळं, एक नवं. वळणं सारखी, आवळण सारखी, मधे पदर अडकवायची तऱ्हासुद्धा सारखी. मग त्यांचे डोळे स्वतःच्या कोपरावर गेले, तिथून पंजावर.

साडेदहा. पाचवीच्या मुली. पायात येणारं सगळं उचलून कडेला केलं, खाली पडलेल्या रजयासुद्धा त्याच कोपऱ्यात.

"मास्तर," त्या म्हणाल्या. "ती... ती मीच उचलली होती."

६

बाकी सगळे गेल्यावर दोघं बाकावर बसून राहिले.

"तुम्हाला कधी कळलं?" बाईंनी विचारलं.

"गोळा हातात आला तेव्हा. कोपरावर गुंडाळलेल्या वायरचं वळण कोपराएवढंच असतं. हाताची लांबी निघते त्यातून. वायरमन उंच, कोठीवाले त्याहून उंच." मास्तर थांबले. "आणि अठरा वर्षं मी कुणाचं कोपर धरून चालतोय, बाई? मला तुमचा चेहरा माहीत नाही. हात माहीत आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"वाटलं, माझंच चुकत असेल. खूप वाटलं तसं. आणि खरं असलं तर ते तुम्हाला तुमच्या हातानं कळावं असं वाटलं. माझ्याकडून ऐकलं असतंत तर तुम्ही वाद घातला असतात."

"घातला असता," बाई म्हणाल्या, आणि इतक्या वेळानं त्यांना रडू आलं. मुलं अडखळू नयेत म्हणून उचललेली वायर. मायेनं, सवयीनं, एका मिनिटात. आणि त्या एका मिनिटापायी तीस वर्षांची टिंबं गेली. आपण मान वर करून एका माणसाचं नाव लिहून पाठवलं ते वेगळंच.

शुक्रवारी समितीपुढे त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. वायरमनची निवड बरोबर होती हे आधी सांगितलं, आकड्यांसकट. मग आपलं. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, तुमची अठरा वर्षं आहेत. आपण 'कारण कळलं नाही' असं लिहू. वायरमनही सुटेल, तुम्हीही."

"कारण कळलंय," बाई म्हणाल्या. "मी हात भाजून घेतलाय त्यात. तेच लिहा."

तेच लिहिलं गेलं. वायरमनचा परवाना त्याच आठवड्यात मोकळा झाला. ज्या-ज्या ठिकाणी तक्रार पोचली होती तिथे बाई स्वतः जाऊन ती मागे घेऊन आल्या. कोठीवाल्यांना लेखी ताकीद मिळाली. बाईंना वर्षभरासाठी मुख्याध्यापकपदावरून बाजूला केलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या पुस्तकं टोचायच्या खोलीत जाऊन बसल्या, पाटी आणि टोचा घेऊन, जळालेल्या अकराशेंतलं पहिलं पुस्तक नव्यानं करायला. बोटं पहिल्या आठवड्यातच सुजली.

वायरमन त्यांना माफ करायला आला नाही. दोन महिन्यांनी आला तो पुस्तकघराची पक्की लाइन टाकायला, समितीनं बोलावलं म्हणून. बाईंच्या दारावरून दोनदा सामान घेऊन गेला, मान वळवली नाही. तिसऱ्यांदा थांबला.

"पाचवीच्या मुलींना जरा पाठवता? वायरी पाइपात जायच्या आधी त्यांच्या हाताखालून जाऊ देत. उद्या त्याच वावरणार इथे."

बाईंनी मुलींना आणलं, आणि त्याही मागे भिंतीशी उभ्या राहिल्या. वायरमननं तीन वायरींचे तुकडे मुलींच्या हातात दिले. ही दिव्यांची, ही साध्या प्लगांची, ही हीटरची, पाइपात हवा कमी म्हणून सगळ्यात जाड. दोन मिनिटांनी सगळे तुकडे एकत्र करून पुन्हा वाटले, तर एकही मुलगी चुकली नाही. सोललेल्या टोकाला बोट लावायचा अवकाश, उत्तर तयार. वायरमन तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"मला डबा वाचावा लागतो गं," तो म्हणाला.

दुपारपर्यंत वायरी पाइपात गेल्या, पाइप भिंतीत. दोन हीटर लावले, तासभर चालू ठेवले. सगळ्यात लहान मुलगी भिंतीला दोन्ही तळहात टेकवून कान लावून उभी होती.

"काका, आत्ता जातंय यातून?"

"जातंय."

"खूप?"

"खूप. तेरा अँपिअर."

तिनं हात थोडे वर सरकवले, खाली सरकवले. "काहीच कळत नाहीये मला."

"नाही ना?" वायरमन म्हणाला, आणि मागे उभ्या असलेल्या बाईंकडे बघून हातानं त्यांनाही पुढे बोलावलं. "या, बाई. तुम्हीही बघा."

बाईंनी पुढे होऊन मुलीच्या हातांशेजारी आपला हात भिंतीवर ठेवला. खोलीत हीटर लालभडक होते. भिंत गार होती.